बीबी नवा, कटकट जुनीच

काकांनी सायकल दुकानापुढे लावली आणि घाम पुसायच्या आधीच म्हणाले, “नवीन बीबी टाकला भाऊ, तरी कटकट होऊनच राह्यली!”

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन्ही क्रँकचा (पायडल ज्यांना लागतात त्या हातांचा) दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग. आठवड्याभरापूर्वी दुसऱ्या दुकानात बदललेलं. जुनं त्यांनी पिशवीतून आणलं होतं. बोटांनी फिरवलं, तर आत वाळू भरल्यागत कुरकुरलं. म्हणजे बदललं ते बरोबरच होतं.

चेन उतरवून क्रँक फिरवला, एकदम गुळगुळीत. मग दोन्ही क्रँक धरून आडवे हलवून पाहिले. एकच हलला तर तो ढिला, दोन्ही मिळून हलले तर बीबी गेला. इथे काहीच हलेना. मग मीच सायकल घेऊन नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर गेलो. सीटवरून उठून मारली तरी कट, म्हणजे दोष सीटचा नाही. पायडल बदलले, तरी कट. क्रँकच्या प्रत्येक फेरीत एकदाच, जोर लावला की. फ्रेमच्या पोकळ नळ्या फार फसवतात. एकदा मी अख्खी दुपार बीबी उघडून बसलो होतो आणि आवाज निघाला सीटच्या नटाचा.

शेवटी नवा बीबी काढायला घेतला. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे विसरून आटे खाल्लेल्या फ्रेम माझ्याकडे येतच असतात. हा सुटला, पण करकरत. आटे कोरडे ठाक, ग्रीसचा थेंब नाही, खाचांत राखाडी माती. सीटचा दांडा उपसून सायकल उलटी केली, तर पेपरवर मूठभर वाळका गाळ पडला.

“काका, सायकल बुडाली होती का कुठं?”

“हो ना! २०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेला, अंबाझरी तलावाचं पाणी घरात घुसलं तेव्हा. जिन्याखाली होती.”

वरच्या नळीतून शिरलेलं पाणी खाली बीबीपाशीच साचतं. जुनं बेअरिंग त्यानंच खाल्लं, आणि नवं त्याच मातीवर आवळलं गेलं. दाब आला की आट्यांतले कण घासणार, आवाज होणार.

डिझेल आणि जुन्या टूथब्रशनं आटे घासले, ग्रीस भरलं, लांब पाना लावून आवळलं. काका चक्कर मारून आले.

“कटकट गेली. पण आता मागून किरकिर येऊन राह्यली.”

ती मडगार्डची होती. आधीपासूनच असणार, कटकटीत ऐकू आली नसेल.