शुक्रवार पेठेतले चार दिवस: सामाईक खात्यातला विदा (डेटा) स्वतःच्या खात्यात नेताना

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत शिरले, तेव्हा मामांच्या घरातले खालचे कपाट पाण्यात गेले आणि त्यातल्या नऊ आल्बमपैकी चार हाती लागले नाहीत. उरलेल्या पाचांतले फोटो मामांनी एकेक सोडवून, वाळवून स्कॅन केले, गूगल फोटोजमध्ये चढवले, प्रत्येकाला आठवून आठवून तारीख दिली आणि खाली मराठीत दोन-दोन ओळी लिहिल्या. हे सारे झाले ते मात्र घरातल्या सामाईक खात्यात. खाते मामेभावाने काढलेले, पासवर्ड चौघांना पाठ, आणि पडताळणीचा ओटीपी जायचा तो परगावी असलेल्या त्याच्या फोनवर. आता मामांना स्वतःचे खाते हवे होते आणि त्यात ते फोटो, तारखा आणि त्या ओळी, सगळे हवे होते. या कामासाठी मी पुण्याहून चार दिवस कोल्हापूरला जाऊन आलो. असेच काम ज्यांना करायचे आहे, त्यांच्यासाठी हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

खरे काम प्रवासाच्या आधी सुरू होते. गूगल टेकआउट ही खात्यातला सगळा विदा फाइलींच्या रूपात बाहेर काढून (म्हणजे निर्यात करून) देणारी गूगलची सोय. तिच्यावर निर्यातीची मागणी नोंदवली की ती लगेच तयार होत नाही. विदा मोठा असेल तर काही तास, क्वचित काही दिवस लागतात. तयार झाल्यावर उतरवून घेण्याचा दुवा साधारण आठवडाभर चालतो आणि प्रत्येक तुकडा मोजक्या वेळाच उतरवता येतो. म्हणून मामांना सोमवारी फोनवर सांगून मागणी नोंदवायला लावली, बुधवारी रात्री दुवा आला आणि गुरुवारी सकाळी मी स्वारगेटहून एसटी धरली. अंतर सुमारे २३० किलोमीटर असले, तरी साताऱ्यापुढे रस्ता रुंदीकरणाच्या कामांमुळे गाडी रखडत गेली आणि मध्यवर्ती बसस्थानकावर उतरायला दुपार कलली. आठवड्यातला एक दिवस असाच रस्त्यावर गेला, त्यामुळे दुवा येण्याआधी तिकीट काढू नये आणि आल्यावर फार थांबूही नये.

मागणी नोंदवताना तुकड्यांचा आकार विचारला जातो. मी मामांना दहा जीबी सांगितला होता आणि ती माझी चूक होती. पहिला तुकडा नव्वद टक्के उतरला असताना वीज गेली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. शिवाय मामांचा पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. त्यावर चार जीबीहून मोठी फाइल मावतच नाही, मग आत कितीही जागा मोकळी असो. त्याच संध्याकाळी दोन जीबीच्या तुकड्यांची नवी मागणी नोंदवली. ती शुक्रवारी सकाळी तयार झाली, हे आमचे नशीब. तुकड्यांची संख्या बत्तीसवर गेली, पण एखादा तुटला तरी तेवढाच पुन्हा घ्यावा लागतो. घरचे इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर लहान तुकडे घेण्याची आळशीपणाने टाळाटाळ करू नये.

मामांचे म्हणणे होते की राजारामपुरीतल्या नेट कॅफेत वेग चांगला मिळतो, तिथेच जाऊन उरकावे. मी त्याला ठाम नकार दिला. टेकआउटमधून निघणाऱ्या झिप फाइलला पासवर्ड नसतो. तिच्यात वर्षानुवर्षांचे ईमेल, बँकेची विवरणपत्रे, आधारच्या प्रती आणि सगळ्यांचे फोन नंबर उघडे पडलेले असतात, आणि परक्या संगणकावरून फाइल पुसली म्हणजे ती खरोखर गेली, असे समजणे भाबडेपणाचे आहे. आम्ही घरच्याच लॅपटॉपवर काम केले आणि दोन बाहेरच्या डिस्क वेराक्रिप्ट या पासवर्डाने विदा बंद करणाऱ्या साधनाने कुलूपबंद करून दोन्हींवर प्रती ठेवल्या. प्रत करून झाल्यावर प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ हा ठसा, म्हणजे फाइलच्या आतल्या विद्यावरून निघणारी अक्षरे-आकड्यांची ओळ, दोन्ही डिस्कवर काढून ताडून पाहिला. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, आणि एक अक्षर जरी निराळे आले तरी प्रत बिघडली हे तिथल्या तिथे कळते.

आता मुख्य गोष्ट. फोटोजमध्ये आपण हाताने दिलेली तारीख आणि लिहिलेल्या ओळी मूळ चित्रात उतरत नाहीत; निर्यातीत त्या चित्राशेजारच्या छोट्या जेसन फाइलमध्ये (चित्राची माहिती साध्या मजकुरात ठेवणारी फाइल) येतात. चित्र नव्या खात्यात चढवले, तर ही शेजारची फाइल वाचली जात नाही. शुक्रवारी दुपारी दहा फोटो चाचणीसाठी चढवून पाहिले, तेव्हा मामांची मुंज, लग्न आणि मामीचे डोहाळजेवण अशी सगळी चित्रे २०१९ सालात, स्कॅन केल्याच्या दिवशी जाऊन बसली. दहांऐवजी थेट अकराशे चढवले असते, तर ती निस्तरण्यात माझे चारही दिवस गेले असते.

त्यावरचा उपाय म्हणजे एक्झिफटूल नावाचे मोफत साधन. जेसनमधली तारीख आणि मजकूर ते चित्राच्या आत लिहून ठेवते. मात्र त्याआधी सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये उघडावेत, कारण चित्र एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्याच झिपमध्ये असे सर्रास होते. फाइलचे नाव लांब असेल, तर जेसनचे नाव मध्येच छाटलेले असते. अशा जोड्या साधनाला सापडत नाहीत आणि हाताने लावाव्या लागतात. आमच्याकडे अशा चाळीसेक निघाल्या. तसेच आल्बममधले चित्र वर्षाच्या फोल्डरमध्येही असते, म्हणून आम्ही फक्त वर्षांचे फोल्डर दुरुस्त केले आणि आल्बम नव्या खात्यात मागाहून हाताने लावले. दोन्ही चढवले असते, तर आल्बममधले फोटो दोनदा दिसण्याची शक्यता होती.

शनिवारी सकाळी मामा पडद्यासमोर बसून तपासत होते. मध्येच त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, “का रे, आमचं लगीन एक दिवस अगोदर कसं लागलं?” तारीख १२ मे १९७४ हवी होती आणि दिसत होती ११ मे. जेसनमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. मामांनी जुन्या फोटोंना तारीख देताना वेळ मध्यरात्रीची ठेवली होती, त्यामुळे प्रत्येक फोटो आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहावर सरकला होता. मी एक्झिफटूलला दिलेल्या आज्ञेत साडेपाच तास मिळवायचे राहून गेले होते. चूक माझीच. दुरुस्ती दहा मिनिटांत झाली, पण मामीचे हसणे जेवणापर्यंत थांबले नाही. १९७० पूर्वीच्या फोटोंची आणखी एक गंमत आहे. जेसनमधली वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते, म्हणून त्याआधीच्या फोटोंना उणे आकडे येतात. मामांच्या मुंजीचे असे सात फोटो होते; त्यांच्या तारखा मी सरळ हाताने घातल्या.

चढवण्याच्या वेळेचा हिशेब आधी मांडून ठेवावा. एकूण ६४ जीबी, आणि चढवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट. म्हणजे काहीही न अडखळता सात तासांहून अधिक. फुकट मिळणारी १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींत मिळून असते, त्यामुळे नव्या खात्यात जागा आधीच विकत घेतली होती. शनिवारी रात्री लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सोय केली आणि आम्ही रंकाळ्यावर फेरी मारून आलो.

संपर्क आणि दिनदर्शिका पाच-पाच मिनिटांत गेल्या. ड्राइव्हमधली कागदपत्रे निर्यातीत वर्ड आणि एक्सेलच्या रूपात येतात. कोणाशी वाटून घेतले होते ती माहिती त्यात राहत नाही, पण मामांना तिची गरजही नव्हती. ईमेलने मात्र धीर पाहिला. ते एमबॉक्स या एकाच लठ्ठ फाइलमध्ये येतात आणि ही फाइल नवे खाते थेट घेत नाही. थंडरबर्ड या ईमेलच्या मोफत प्रोग्राममध्ये ती उघडून आयमॅपच्या (ईमेल प्रोग्राम आणि खाते यांना जोडणाऱ्या पद्धतीच्या) मार्गाने हळूहळू सरकवावी लागते, आणि या मार्गाने दिवसाला सुमारे ५०० एमबीच चढवता येतात. तीन जीबीला सहा दिवस लागणार हे उघड होते, म्हणून ते काम मामांवर सोपवले. रोज सकाळी एका वर्षाचा फोल्डर ओढायचा आणि वहीत खूण करायची.

रविवारी निघण्यापूर्वी नव्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावली, क्रमांक मामांचाच दिला, आणि दहा राखीव कोड छापून मामीच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवले. फोन हरवला तर तेच कामाला येतील. एक डिस्क माळ्यावर गेली, दुसरी मी पुण्याला आणली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले होते, त्यामुळे दोन्ही डिस्क एकाच नदीच्या काठी ठेवायला मामाही तयार नव्हते.

सहाव्या दिवशी मामांचा फोन आला, की २०२४ चा फोल्डरही सरकला. जुने खाते अजून बंद केलेले नाही. बँक, वीजबिल आणि गॅसच्या नोंदणीत जुनाच ईमेल आहे. तो बदलायची यादी मामांनी केली असून तिच्यातली अकरा नावे अजून बाकी आहेत. दिवाळीला जाईन तेव्हा दोन्ही खात्यांतले फोटो सालवार मोजून पाहू, आणि आकडे जुळले तरच मामेभावाकडून शेवटचा ओटीपी मागू.