समुपदेशनही घेतलं, तक्रारही केली

धडगावकडच्या पाड्यावरून धुळ्याला शिकायला आले. अभ्यास झेपला, पण प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या दोघी-तिघींनी जीव नकोसा केला. मी तोंड उघडलं की माझ्या पावरी (आमच्या पावरा आदिवासींची बोली) वळणाच्या मराठीची नक्कल, मार्क चांगले पडले की "हिचं काय, कोट्यातली". झोप उडाली. एका रात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन लावला. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. त्यांनीच सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे जायला सुचवलं.

केसपेपरच्या खिडकीवर मोठ्याने विचारलं गेलं, "मानसिकचं का?" अख्खी रांग वळून बघायला लागली. (हे अजूनही तसंच चालतं.)

आत समुपदेशक मॅडमनी आधी गोपनीयतेचं सांगितलं. इथलं बोलणं घरी किंवा कॉलेजात जाणार नाही. जिवाला धोका दिसला तरच कुणाला कळवावं लागेल, तेही शक्यतो तुला सांगून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा हक्कच दिलाय म्हणे. मग विचारलं, "पावरीत बोलायचंय? मला येत नाही, दुभाषी चालेल का?" मी नको म्हटलं. दवाखान्यात आमच्या बाजूचा एक मामा कामाला आहे. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापर्यंत गोष्ट गावभर झाली असती. तेव्हा मोडक्यातोडक्या मराठीतच बोलले. अडले की त्या थांबायच्या, माझं वाक्य स्वतः पुरं करायच्या नाहीत.

त्या लिहायच्या ती वही माझ्याकडे वळवून ठेवलेली असायची. एकदा कारणाच्या रकान्यात 'आत्मविश्वास कमी' असं दिसलं. मी म्हटलं, "मॅडम, माझा कमी नाही, ह्या मुली मला कमी लेखतात." त्यांनी ती ओळ खोडली आणि माझं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. मला तर औषधापेक्षा त्या खोडलेल्या ओळीने जास्त बरं वाटलं.

त्या कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीने (उपाय न सांगता समोरच्याचं ऐकून घ्यायचं, ठरवायचं त्याच्यावर सोडायचं) काम करतात, हे मागाहून कळलं. 'दुर्लक्ष कर' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, 'तक्रार कर' असंही नाही. कॉलेजात भेदभावाविरुद्ध समान संधी कक्ष असावा असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या नियमांत आहे, एवढी माहिती दिली आणि ठरवायचं माझ्यावर सोडलं. पुढची सुट्टी लागेपर्यंत मी काहीच केलं नाही. त्यांनीही घाई केली नाही.

सुट्टीनंतर अर्ज दिला. मसुदा माझा, मॅडमनी फक्त वाचला. बॅच बदलून मिळाली, चौकशी अजून चालू आहे. त्या मुलींतली एक आता मेसमध्ये माझ्याशी बोलते, बाकीच्या नाही बोलत.