"हीच ट्यूब द्या"
पावसाळा लागला की आमच्या मेडिकलमध्ये गजकर्णवाल्यांची रांग. आज एक काका पिळून चपटी झालेली ट्यूब घेऊन आले. "हीच द्या, लगेच खाज थांबते." थांबणारच! आत क्लोबेटासोल, म्हणजे जबरदस्त स्टेरॉइड. खाज, लाली दबते आणि गजकर्णाची मूळ बुरशी निवांत पसरत राहते. सोबतचं अँटिबायोटिक जिवाणूंसाठी. बुरशीला त्याचं काही नाही. जांघेत महिनोन्‌महिने चोळलं तर कातडी पातळ होऊन ताणल्यासारखे कायमचे पट्टे पडतात. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी कुठेतरी मिळतातच (आमच्याच धंद्याची लाज). काका तणतणत गेले. संध्याकाळी सूनबाई चिठ्ठी घेऊन आल्या. डॉक्टरांनी नुसतं बुरशीचं मलम दिलंय, चट्ट्याच्या कडेबाहेरही लावायचं आणि डाग गेल्यावरही काही दिवस चालू ठेवायचं.