पट्टीवरचा थेंब आणि बोटावरची साखर

इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जिलेबा (मोठी जिलेबी) खाऊन घरी आलात आणि हात न धुता शुगर तपासलीत, तर आकडा फुगलेला येऊ शकतो. ग्लुकोमीटरची पट्टी ओढून घेते ते रक्त जेमतेम अर्धा मायक्रोलिटर. शुगर 100 असेल, तर एवढ्या रक्तात ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम. मग बोटावरचा न दिसणारा चिकटपणाही पुष्कळ झाला! पाकात मुख्यतः सुक्रोज असतं आणि ते पट्टीला ओळखूच येत नाही. पण लिंबू घालून उकळताना त्यातलं थोडं फुटून ग्लुकोज होतं. द्राक्षं, आंबा यांत तर ते आयतंच असतं. म्हणून आधी साबण-पाणी, मग हात कोरडे करणं. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो आणि आकडा उतरतो.

ओळखणारा जैविक भाग आणि ती ओळख मोजता येईल अशी करणारा भाग, या जोडीला बायोसेन्सर म्हणतात. शुगरची पट्टी त्यातलीच. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांनी 1962 मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. आजच्या बऱ्याच पट्ट्यांत एन्झाइम ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेतं, फेरीसायनाइडसारख्या मध्यस्थाला देतं, मध्यस्थ ते इलेक्ट्रोडवर सोडतो. मीटर तो करंट मोजतं. रक्तात लाल पेशी फार असतील तर आकडा कमी येतो, ॲनिमियात जास्त. पीक्यूक्यू जातीचं डिहायड्रोजिनेज हे वेगळं एन्झाइम असलेल्या पट्ट्या माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये आयकोडेक्स्ट्रिन (शरीरात फुटून ज्याचं माल्टोज होतं) वापरत असतील तर हे जिवावर बेततं, कारण खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिलं जातं.

गर्भचाचणीच्या पट्टीत ओळखण्याचं काम अँटीबॉडीचं. रेघ दिसते ती सहसा सोन्याच्या सूक्ष्म कणांची. कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली हे सांगणारी रेघ उमटली नाही तर चाचणी बाद. क्वार्ट्झच्या सेन्सरवर रेणू चिकटले की वजन वाढतं, कंपनं मंदावतात. हे प्रयोगशाळेतलं काम.

माझ्या मते घरी बिघडतो तो बहुधा जैविक भागच. एन्झाइम म्हणजे प्रथिन. इंदूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत पट्ट्यांची डबी राहिली की ते मरतं, आणि मीटर बिचारं आकडा दाखवतच राहतं. पावसाळ्यात झाकण लगेच घट्ट लावा. आतला शोषक दमट हवेपुढे फार टिकत नाही. शंका आली तर कंट्रोल सोल्यूशनचा (ग्लुकोजचं प्रमाण आधीच ठरलेल्या द्रावणाचा) थेंब घाला आणि डबीवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. लॅबमध्ये 200 आणि मीटरवर 180 आले, तर मात्र डबी फेकू नका. 100 च्या वर पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मानकात बसतो.