यस-नो विचारणारी ती खिडकी बंद करू नका

चवथीला गावी गेलं की माटोळी बांधून होते, आरत्या होतात आणि मग कोणीतरी मला आतल्या खोलीत कॉम्प्युटरकडे नेतंच. यंदा डिचोलीच्या काकांनी तर सरळच सांगितलं, "ते सारखं यस की नो विचारतं ना, ते एकदाचं बंद करून दे बघू." मी म्हटलं काका, बंद नाही करायचं, ते एवढं सारखं का विचारतंय ते शोधूया. आणि हेच मला सगळ्यांना सांगायचंय, कारण घराघरात लोक ते बंद करून मोकळे होतात.

त्याला यूएसी म्हणतात, यूजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काही बदल व्हायच्या आधी विंडोज तुमची परवानगी विचारतं ती खिडकी. विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये ते घरच्या कॉम्प्युटरांवर आलं, तेव्हा ते खरंच फार विचारायचं आणि लोक वैतागायचे, म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये वरखाली सरकवायची पट्टी दिली, चार पायऱ्यांची, ती अजून आहे. स्टार्टमध्ये यूएसी टाइप केलं की सापडते. सगळ्यात वरच्या पायरीवर तुम्ही स्वतः विंडोजची सेटिंग बदललीत तरी विचारतं, दुसरीवर फक्त एखादा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये बदल करायला निघाला की विचारतं (मुळात पट्टी इथेच असते), तिसरी तशीच पण स्क्रीन काळपट होत नाही, आणि तळाला काहीच विचारत नाही.

ती स्क्रीन काळपट होते ना, ती नुसती दिखाव्यासाठी नाही. तेवढ्या वेळापुरता विंडोज वेगळा डेस्कटॉप उघडतो, आणि तुमच्या खात्यात चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमांचा हात तिथे पोचत नाही, म्हणजे कोणी तुमच्या वतीने परस्पर यस दाबू शकत नाही की वर खोटी खिडकी चिकटवू शकत नाही. म्हणून तिसरी पायरी मला पटत नाही, कॉम्प्युटर फारच जुना असेल आणि स्क्रीन बदलायला खूप वेळ घेत असेल तर एक वेळ ठीक, पण नाहीतर दुसरीच ठेवा.

आता काकांचं. ते जत्रेच्या नाटकांच्या संहिता टाइप करून देतात, त्यासाठी एक जुना देवनागरी प्रोग्रॅम आहे, आणि तो उघडला की दर वेळी ती खिडकी यायची. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी असं जाऊन बघितलं तर कोणीतरी कधीतरी "रन धिस प्रोग्रॅम अॅज अॅन अॅडमिनिस्ट्रेटर" ला (म्हणजे दर वेळी पूर्ण परवानगीनिशी चालव) टिक करून ठेवलेली, कारण सगळ्या संहिता प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्येच सेव्ह होत होत्या आणि तिथे लिहायला जास्तीची परवानगी लागते. संहिता डॉक्युमेंट्समध्ये हलवल्या, प्रोग्रॅमला नवी जागा दाखवली, टिक काढली, संपलं. (टिक धूसर दिसली आणि निघाली नाही तर खालचं "चेंज सेटिंग्ज फॉर ऑल यूजर्स" दाबून तिथली काढायची.) बहुतेक घरांत त्रास देणारा असा एखाद-दुसराच प्रोग्रॅम असतो आणि त्याच्यापायी लोक सगळं संरक्षण काढून टाकतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. दिवसभर यस दाबायची सवय लागली की माणूस वाचायचंच सोडून देतो, म्हणून ती खिडकी क्वचितच यायला हवी, आली की थांबून वाचावंसं वाटलं पाहिजे.

वाचायचं काय, तर प्रोग्रॅमचं नाव आणि पब्लिशर, म्हणजे तो कोणी काढलाय. पब्लिशर अननोन असेल तर जास्त सावध. पण सगळ्यात आधी हे, की मी आत्ता काही उघडलं का? काहीच उघडलं नसेल तर नो. नो म्हटल्याने काही मोडत नाही, हवं असेल तर परत उघडता येतं.

दुसरं काम केलं ते खात्यांचं. आधी पासवर्ड असलेलं वेगळं अॅडमिन खातं (ज्याला सगळे बदल करायची परवानगी असते) बनवलं, त्यात लॉगिन होतंय ना ते बघितलं, आणि मगच काकांचं रोजचं खातं स्टँडर्ड, म्हणजे ती परवानगी नसलेलं, केलं, हा क्रम उलटा करू नका. आता नुसतं यस चालत नाही, अॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो काकींकडे आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण हल्ली फोन येतात ना, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही सांगतो ते अॅप टाका म्हणून, तेव्हा पासवर्ड विचारायला काकींना हाक मारावी लागते आणि तेवढ्यात दोघं मिळून विचार करतात. अर्थात इन्स्टॉल न करता नुसती चालणारी अॅप्स असतात, ती यूएसी अडवत नाही, म्हणून अशा फोनवर काहीच उघडायचं नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा.

आणि फोटो, संहिता ह्या तुमच्या स्वतःच्या फाइली यूएसी राखत नाही. तुमच्या खात्यात घुसलेला प्रोग्रॅम त्या काही न विचारता पुसू शकतो, कुलूपबंद करू शकतो. त्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची, कॉपी करायची आणि झालं की काढून ठेवायची. काकांच्या संहितांची कॉपी संध्याकाळच्या आरतीच्या आधीच करून घेतली.