सरांचा शनिवारचा शेवटचा तास

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे पहिले उभे राहिले ते मराठीचे सर. रात्रशाळेच्या कुठल्याही तुकडीला त्यांचं नाव वेगळं सांगायला नको. बाकीच्यांबद्दल इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला फक्त सरांच्या शनिवारच्या तासाबद्दल लिहायचं आहे.

त्या तासाला सर चार्ली चॅप्लिनचं १९६४ साली आलेलं आत्मचरित्र उघडत. पुस्तक इंग्रजी, सर मनात वाचत आणि आम्हाला मराठीत सांगत. सिनेमातल्या टोपी-काठीचा विषय त्यांनी कधी काढला नाही, सगळा जीव सुरुवातीच्या प्रकरणांत. लंडनच्या केनिंग्टनमधल्या भाड्याच्या खोल्या, दारूपायी अकाली गेलेला गायक बाप, शिवणकाम करून दिवस ढकलणारी आई, १८९६ मध्ये सातव्या वर्षी लॅम्बेथच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात, जाण्याची आलेली वेळ. १९०३ साली ‘जिम’ नावाच्या नाटकात पोऱ्याची भूमिका मिळाली तेव्हा चार्लीला धड वाचता येत नव्हतं. सिडनीनं, म्हणजे थोरल्या भावानं, संवाद वाचून दाखवले आणि यानं ते पाठ केले. मंडईत, छापखान्यात, हॉटेलात राबून आलेल्या वर्गापुढे एवढं सांगून सर थांबत. पुढच्या आठवड्यात अडखळत वाचणारी मुलंही धडा वाचायला हात वर करत.

सरांचा खरा विषय मात्र ऑल्डरशॉट या इंग्लंडमधल्या लष्करी गावातला प्रसंग. सैनिकांपुढे गाताना आईचा आवाज चिरकला, हुल्लड झाली आणि पाच वर्षांचा चार्ली तिच्या जागी उभा राहिला. गाता गाता त्यानं आईच्या फाटक्या आवाजाचीही नक्कल केली आणि लोक खूष झाले. जग चार्लीचं कौतुक करतं, सर आईबद्दल बोलत. तिचा गळा गेला आणि घरातली मिळकत गेली. “तुमच्यातल्या निम्म्यांचं पोट गळ्यावर आहे,” असं म्हणून ते पुस्तक मिटत आणि आम्हाला भिंतीला पाठ लावून उभं करत.

एक तळवा बरगड्यांच्या खालच्या कडेवर. श्वास घेताना हात बाहेर ढकलला गेला पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. मग ‘स्’ची एकसारखी धार, आधी पंधरा सेकंद, जमेल तसं तिसापर्यंत. शेवटी ती थरथरली की ताबडतोब थांबायचं, कारण तिथून पुढे गळा आवळायला लागतो. त्यानंतर ओठ मिटून पाच मिनिटं ‘म्’. मंडईतल्या मुलांना ते आरोळी नव्यानं शिकवत. जोर लावला की माणूस पट्टी चढवतो आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. म्हणून पट्टी खाली ठेवायची आणि ‘मेथीऽऽ’ असा स्वर लांबवायचा. तो लांब जातो आणि गळाही टिकतो.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि श्वासही नेमका तिथंच संपतो. ‘मी पैसे घेतले नाहीत’ यातलं ‘नाहीत’ विरलं की मागच्या रांगेला उलटंच ऐकू येतं. त्यामुळे सर वाक्य शेवटून बसवून घेत: आधी ‘नाहीत’, मग ‘घेतले नाहीत’, मग पुढचं. नाटकाच्या संहितेत पेन्सिलीची एक तिरकी रेघ म्हणजे चोरटा श्वास, दोन रेघा म्हणजे पूर्ण.

शाळेच्या एका स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी नाटकातल्या मुख्य भूमिकेतल्या मुलाचा गळा बसला. तो मंडईत पहाटेपासून भाजी विकायचा. आल्याचा रस, खडीसाखर, ज्याला जे सुचेल ते आम्ही आणलं. सरांनी त्याला नाटकातून काढलं आणि पडदा ओढायला बसवलं. दोन दिवस पूर्ण मौन. कुजबुजही नाही, कारण कुजबुजतानाही गळ्यावर ताण पडतो. खाकरायचं नाही, खवखवलं तर आवंढा गिळायचा. वाफ घ्यायची, पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. प्यायलेलं पाणी थेट स्वरतंतूंना लागत नाही, शरीरातून पोहोचायला त्याला वेळ लागतो. पोरगं रडलं, वर्ग चिडला. सर हलले नाहीत. नाटक एका रात्रीचं होतं, सोमवारची मंडई मात्र त्याला चुकणार नव्हती. कुणाचाही आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर ते त्या मुलाला स्वतः ससून रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेत.

आज मी एकपात्री प्रयोग करतो. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत ‘नाहीत’ पोहोचतं, ते श्रेय पूर्णपणे सरांचं. हल्ली गालाला माइक चिकटवून मुलं बोलतात. माइक आवाज मोठा करतो, विरलेलं क्रियापद परत आणत नाही. आंतरशालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो की दुसऱ्या अंकापर्यंत फुटलेले कोवळे गळे ऐकू येतात आणि फार वाईट वाटतं. कुणीतरी त्यांना अजून जोरात ओरडायला सांगितलेलं असतं.

शनिवारचा तो तास वेळापत्रकातून गेल्याचं कळलं. शाळेनं तो पुन्हा घालावा. वर्ग जुनाच द्यावा, भिंत मोकळी असलेला. शिकवायला मी येईन.