शून्य नोंदी आणि एक गोण

आमच्याकडे हेलिकॉप्टर दोनच, त्यातलं एक बहुतेक वेळा मेंटेनन्सला, त्यामुळे आयएस-बाओचं, म्हणजे खाजगी आणि चार्टर विमान-हेलिकॉप्टरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय सेफ्टी स्टँडर्डचं, ऑडिट करायचंय म्हटल्यावर हँगरमध्ये सगळे हसलेच. सरकारी विमान नियामक डीजीसीएचं परमिट आहे, त्यांची तपासणी होतेच, मग वर हे ऐच्छिक झेंगट कशाला? पण २०२२ च्या जूनमध्ये मुंबई हायला तेलाच्या रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात गेलं, ९ पैकी ४ जण वारले, त्यानंतर आमच्या मालकांनी मनावरच घेतलं. ऑडिटर बाहेरचा, पण त्याची फी आपणच भरायची, म्हणजे पैसे देऊन उणीदुणी ऐकायची.

याच्या तीन पायऱ्या असतात. पहिलीत सेफ्टीची यंत्रणा उभी आहे का ते बघतात, ती आम्ही पार केली होती. दुसरीत ती यंत्रणा खरंच चालते का ते बघतात, आणि सेफ्टी मॅनेजर मी.

ऑडिटर पुण्याचे, रिटायर्ड पायलट. दोन रात्री जागून लावलेल्या फायली त्यांनी चहा संपेपर्यंत चाळल्या आणि हॅझर्ड रजिस्टर, म्हणजे दिसलेल्या धोक्यांची नोंदवही, मागितलं. अकरा महिन्यांत एकही नोंद नाही. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

त्यांनी चष्मा काढला. "गोव्यातली खारी हवा, चार महिने पाऊस, लग्नांच्या सीझनमध्ये रोज कुठल्यातरी हॉटेलच्या लॉनवर लँडिंग, आणि तुमच्या माणसांना एकही धोका दिसला नाही? आंधळी आहेत की घाबरलेली?"

मग ते हँगरमध्ये गेले. तिथे आमचा हेल्पर, डिचोलीकडचा पोरगा, फ्युएलचं सँपल बघत होता. बरणीत इंधन काढायचं, सिरिंजला पिवळी कॅप्सूल लावून ओढायचं, पाणी असलं तर कॅप्सूल हिरवी होते. ऑडिटर त्याच्या शेजारी उकिडवेच बसले. "कधी हिरवी झाली का रे?"

"दोनदा झाली की. परत ड्रेन केलं, परत टेस्ट केली, क्लिअर आल्यावरच भरलं."

काम एकदम बरोबर केलं होतं त्याने. फक्त मला पत्ता नव्हता. पावसाळ्यात साठ्यात पाणी कुठून शिरतंय ते कोणी शोधलंच नव्हतं, कारण शिरतंय हेच कोणाला सांगितलं नव्हतं.

मग माझ्याकडे एकदा बघून तो हळूच म्हणाला, "सायबा, आनी एक सांगूं?"

साउथ गोव्यात एका लग्नात वरून फुलं टाकायची ऑर्डर होती, पाकळ्यांच्या गोणी घेऊन इव्हेंटवाला मागे बसलेला, मदतीला हा. रिकामी झालेली प्लास्टिकची गोण इव्हेंटवाल्याच्या हातून निसटली आणि दारातून बाहेर, सरळ मागे. पायलटला मागचं दिसत नाही. "टेल रोटराकडसून अशी गेली," म्हणत त्याने हातातली सिरिंज आणि बरणी यांच्यात वीतभर अंतर धरून दाखवलं. माझ्या पोटात गोळा आला. टेल रोटर, म्हणजे शेपटीवरचा छोटा पंखा, गेला की मशीन स्वतःभोवती गरगरायला लागतं, आणि खाली मांडवात वऱ्हाड जेवत होतं.

"लिहिलं का नाहीस?" हे मी विचारलं, ऑडिटरांनी नाही.

तो गप्प. मग म्हणाला, "त्या शिडीच्या वेळी लिहिलेलं ना एकाने."

दोन वर्षांपूर्वी एका पोराची शिडी दाराला लागून पोचा आला होता. त्याने स्वतः येऊन सांगितलं, रिपोर्टही लिहिला, आणि त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. त्या मेमोवर सही माझी होती. मी ते विसरून गेलो होतो, हँगर विसरलं नव्हतं.

दुसरी पायरी त्या दिवशी मिळाली नाही. गोणी सोडा, मऊ कापडी पिशव्या वापरा आणि त्या आत बांधून ठेवा, हे तर दुपारीच ठरलं. शिडीवाल्याचे पैसे परत द्यायला मात्र मालकांशी आठवडाभर भांडावं लागलं. ते दिल्यावर टूल रूमच्या दाराला बिननावाच्या चिठ्ठ्यांसाठी डबा लावला. पहिले काही दिवस त्यात विमलची पाकिटंच निघाली. मग एक चिठ्ठी आली, पेन्सिलीने लिहिलेली: विंडसॉक गणपतीपासून फाटलेला आहे.

मी बाहेर येऊन वर, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या त्या कापडी मोज्याकडे बघितलं. त्याच्याखालीच मी रोज बाईक लावतो.